शिवगंगाबाईंचं मौन

"किरनच्या माय, अगं ऐकायलीस का?"

अमृतप्पा गिरणीतून अशी हाक मारत की ती मागच्या स्वयंपाकघरात शिवगंगाबाईंना तर ऐकू येईच, पण समोर भालकीच्या बसची वाट बघत उभे असलेले लोकही दचकून मागे वळत. खटकचिंचोळीत अमृतप्पांची पिठाची गिरणी राहत्या घराच्या पुढच्या खोलीत होती. तिच्या घरघरीवर आवाज चढवून बोलण्यात त्यांचा जन्म गेला होता आणि आता गिरणी बंद असली तरी आवाज खाली येत नसे. सकाळी देवासमोर हात जोडून ते असे काही बोलत, की देव पलीकडच्या गल्लीत राहायला गेला आहे असं ऐकणाऱ्याला वाटावं.

त्यात दळणाचे डबे घेऊन आलेल्या बायका ओसरीवर बसत. गिरणी चालू असल्यामुळे त्याही ओरडूनच बोलत. सुनेनं काय केलं, दिरानं बांध कसा कोरला, कुणाचे गुडघे कुठल्या डॉक्टरनं बिघडवले, हे सगळं त्या शिवगंगाबाईंना सांगत. बाई भाकरी थापता थापता ऐकत. "शिवगंगाक्काला सांगितलं की हलकं वाटतंय बघ," असं म्हणत बायका पिठाचा डबा उचलून जात आणि दुसऱ्या येत.

किरणकुमार हा त्यांचा मुलगा हैदराबादला एका कंपनीत होता. पगार वाढल्यावर त्यानं फोन केला.

"माय, तुला आन अप्पाला फिरायला पाठवतो. काय बघायचंय सांग. काशी? तिरुपती?"

शिवगंगाबाईंनी थोडा विचार केला. "जिथं कुनी बोलत न्हाई, आसं काई हाय का रे?"

किरण हसला. मग त्यानं शोधाशोध करून सांगितलं, "काश्मिरात डोंगरावर मोठं सरोवर हाय. त्या सरोवरात एक बेट हाय. बेटावर चिनाराची झाडं. होडीत बसून जायचं आन गप बसायचं. दुसरं काई न्हाई तिथं."

"गिरनी?"

"बेटावर गिरनी कशाला आसंल माय?"

"मंग काढ तिकीट."

सहल जिल्ह्यातल्याच लोकांची होती. श्रीनगरला पोहोचेपर्यंत शिवगंगाबाईंना कळून चुकलं की गिरणीला निदान बंद करायचं बटण असतं. बसमध्ये सकाळपासून गाण्यांच्या भेंड्या चालत. सहल सांभाळणारी उदगीरची स्नेहा ही पोरगी कामाला चोख होती, पण तिच्या गळ्यात शिट्टी होती. बस थांबली की शिट्टी, जेवण लागलं की शिट्टी, कुणी मागं राहिलं की दोन शिट्ट्या. शेजारच्या सीटवर भालकीच्या कापड दुकानवाल्या मल्लेश्वरी होत्या. त्यांनी पहिल्याच दिवशी स्वतःच्या पित्ताशयाच्या ऑपरेशनची हकीकत सुरू केली होती आणि अजून भूल द्यायची होती. पुढच्या सीटवर निर्ण्याचे निवृत्त हेडमास्तर बसवंतप्पा डोंगरांची माहिती सांगत. आणि या सगळ्यांच्या वर अमृतप्पांचा आवाज. त्यांनी बसमधल्या प्रत्येकाशी दोस्ती केली होती, तीही जागेवरून न उठता, तिथूनच ओरडून.

दल सरोवरावरच्या शिकाऱ्यातसुद्धा त्यांनी गिरणी सांभाळायला ठेवलेल्या पोराला फोन लावला. "हलो! लिंगराज! पट्टा सरकला मनतोस? आरं मंग राळ लाव की! न्हाई न्हाई, मी पान्यात हाव! पान्यात! बुडलो न्हाई रे, होडीत हाव!"

पाण्यावरची बदकं उडाली.

बेटावर उतरताना स्नेहानं शिट्टी फुंकून सांगितलं, "एक तास वेळ आहे. शिट्टी झाली की सगळ्यांनी इथं यायचं."

शिवगंगाबाईंनी बेत आधीच ठरवला होता. त्या नवऱ्याला म्हणाल्या, "अवो, च्या भेटतो का बघा की कुटं."

अमृतप्पांना काम सांगितलं की बरं वाटे. ते बेटाच्या पलीकडच्या कडेला, जिकडे होड्यांतून खाण्यापिण्याचं विकत होते, तिकडे गेले. जाताना कुणाला तरी "भाई, चाय किधर हैगी?" असं विचारल्याचं बराच वेळ ऐकू येत राहिलं. मग तेही थांबलं.

शिवगंगाबाई पाण्याच्या कडेच्या एका चिनाराखाली गेल्या. चपला काढल्या, बुंध्याला पाठ टेकली आणि मांडी घालून बसल्या. समोर पाणी असं स्वस्थ होतं की त्यात डोंगर उलटे उभे होते, माथ्यावरच्या बर्फासकट. लांब एक होडी जात होती, पण वल्ह्याचा आवाज इथपर्यंत येत नव्हता. पानांची सळसळ तेवढी होती. बाईंनी डोळे मिटले. कानांत कायमची भरलेली घरघर हळूहळू उतरली आणि आत कुठंतरी इतकं रिकामं वाटलं की त्यांना रडू येईल असं वाटून गेलं.

तेवढ्यात मल्लेश्वरी आल्या. "अक्का! इथं हाव का तुम्ही! मी कुटं कुटं बघायले. तर मी काय सांगायले होते, त्या डॉक्टरनं मला टेबलावर घेतलं..."

आता तोंड उघडलं की संपलं, हे शिवगंगाबाईंनी ओळखलं. नुसतं 'हूं' म्हटलं तरी पित्ताशय बाहेर येणार. त्यांनी डोळे उघडले नाहीत.

"अक्का? झोपलाव व्हय?"

बाईंनी पापण्या आणखी घट्ट मिटल्या.

"अक्का, बरं न्हाई का?" मल्लेश्वरींनी खांद्याला हात लावला.

शिवगंगाबाईंनी डोळे मिटूनच उजवा हात वर केला, तळवा पुढे. थांब बाई, एवढंच त्यांना म्हणायचं होतं. पण चिनाराखाली, मांडी घालून, मिटल्या डोळ्यांनी वर केलेला तळवा मल्लेश्वरींना वेगळाच दिसला. त्यांनी पटकन पदर डोक्यावर घेतला.

"मौन धरलंय अक्कानं!" त्या पुटपुटल्या आणि मागे सरून खाली बसल्या.

मल्लेश्वरी गप्प बसल्या आहेत हे लांबून हेडमास्तरांना दिसलं. असं कधी झालं नव्हतं, म्हणून ते काळजीनं बघायला आले. मल्लेश्वरींनी तोंडावर बोट ठेवलं आणि झाडाकडे नजरेनं दाखवलं. मास्तरांनी चष्मा पुसून नीट पाहिलं, टोपी काढली आणि तेही बसले. मास्तर बसले म्हणून बसमधले आणखी चारजण बसले. एवढे लोक बसले आहेत म्हटल्यावर एका गुजराती कुटुंबानं चपला काढल्या. त्यांना बघून कुठल्या तरी नव्या जोडप्यानं फोटो काढणं थांबवलं आणि ते बसले.

बरीच कुजबुज ऐकू आली तसा शिवगंगाबाईंनी एक डोळा किंचित उघडला. समोर हात जोडलेली माणसं बघून त्यांनी तो घाबरून लगेच मिटला. आता उठावं तर काय सांगावं? बोलावं तर काय बोलावं? त्यापेक्षा हे लोक कंटाळून जातील तोवर असंच बसावं, असं त्यांनी ठरवलं. लोकही चिवट निघाले.

"किरनच्या माय!" बेटाच्या त्या टोकाकडून हाक आली. अमृतप्पा दोन्ही हातांत दोन पेले सांभाळत येत होते. "च्या न्हाई भेटला! ह्ये कायतरी पिवळं पानी हाय, आत बदाम टाकल्यात! मनलं..."

"शूऽऽ!"

एकदम एवढ्या तोंडांतून आलेल्या आवाजानं अमृतप्पा जागीच थांबले. हेडमास्तर उठून त्यांच्यापाशी गेले. "अमृतप्पा, जरा हळू. मातुश्री ध्यानात हायत."

"कोन मातुश्री?"

मास्तरांनी झाडाकडे बोट केलं.

"आवो, ती माझी बायको हाय!"

हे वाक्य नेहमीच्याच आवाजात निघालं, त्यामुळे सगळ्यांना कळलं. माणसं वळून अमृतप्पांकडे बघू लागली. बसमध्ये त्यांच्याकडे लोक बघत ते निराळं, हे निराळं. गुजराती गृहस्थानं तर वाकून नमस्कार केला आणि दबक्या आवाजात विचारलं, "माताजी कब से मौन रखती हैं?"

ठाऊक नाही, हे उत्तर अमृतप्पांनी आयुष्यात कुणाला दिलं नव्हतं. "मौन? शादी हुई तबसेच!"

"घर में भी नहीं बोलतीं?"

"किधर बोलती? मैंच बोलता हौं ना!"

लोकांनी एकमेकांकडे पाहिलं. मास्तरांना राहवलं नाही. "आनि आहार? आहार काय घेतात?"

"आहार कशाचा मास्तर? आमचं समद्यांचं झालं की मागं ऱ्हाईल ते खाती."

"झोप?"

"कसली झोप! कोंबडं आरडायच्या आदी उठून बसती."

"ब्राह्ममुहूर्त," मास्तर इतरांना म्हणाले. मग त्यांनी अगदी हळू विचारलं, "काही इच्छा? वासना?"

"इच्छा..." अमृतप्पा उत्तर द्यायला गेले आणि अडखळले. हातातल्या पेल्यांकडे बघत राहिले. "काय मागितलं न्हाई बघा तिनं. कवाच."

हे इतकं हळू निघालं की दुसराच कुणी बोलला की काय म्हणून अमृतप्पांनी स्वतःच मागे वळून पाहिलं.

मिटल्या डोळ्यांआड शिवगंगाबाई सगळं ऐकत होत्या. मागं राहील ते खाती, कोंबड्याआधी उठती, काय मागितलं न्हाई. यात खोटं काहीच नव्हतं. पण दुसऱ्याच कुणा बाईबद्दल बोलणं चाललं आहे असं त्यांना वाटत होतं, आणि त्या बाईची त्यांना दया येत होती.

शिट्टी झाली. कुणी हललं नाही. दोन शिट्ट्या झाल्या. मग स्नेहा धावत आली.

"चला चला, शिकारेवाले थांबलेत, बागेत वेळेवर पोचायचंय..."

"शूऽऽ!"

"अहो, पण..."

"मातुश्री उठल्याबगर आमी उठनार न्हाई," मल्लेश्वरींनी हातानं तिला खाली बसवलं.

शिवगंगाबाईंना हे ऐकून सुटल्यासारखं वाटलं. निघायची वेळ झाली म्हणजे उठायला कारण मिळालं. त्यांनी मांडी मोडायला घेतली आणि पाय जागचा हलला नाही. दुसरा हलवून पाहिला. तोही गेला होता. कमरेखाली आपलं काही आहे असंच वाटेना. उभं राहावं तर थेट सरोवरात जाणार. त्यांच्या कपाळावर घाम आला, ओठ घट्ट मिटले.

"समाधी लागली," मास्तर म्हणाले.

अमृतप्पांनी मात्र ते ओठ ओळखले. वरच्या माळ्यावरून डबा काढताना कमरेत चमक भरली की त्या ओठ असेच मिटत. ते पेले खाली ठेवून पुढे गेले, गुडघ्यावर बसले आणि कानाशी लागून म्हणाले, "पाय झोपले का गं?"

बाईंनी डोळे न उघडता बारीकशी मान हलवली.

"थांब, चोळून देतो." अमृतप्पांनी त्यांचे दोन्ही पाय हळूच पुढे ओढले आणि चोळायला लागले.

एवढ्या लोकांसमोर नवरा बायकोच्या पायांना हात लावतो आहे, हे बघितल्यावर कुणाच्याच मनात शंका उरली नाही. मल्लेश्वरी पहिल्यांदा पुढे आल्या आणि त्यांनी पायांवर डोकं ठेवलं. पाठोपाठ गुजराती कुटुंब. त्यांच्यामागे रांग. नेमक्या तेव्हाच शिवगंगाबाईंच्या पायांत रक्त परतलं आणि लाखो मुंग्या एकदम चावायला लागल्या. अशा पायांवर एकामागून एक कपाळं टेकत होती. बाईंनी सोसलं, सोसलं, आणि मग त्यांच्या तोंडून किंकाळी फुटली.

"अगं माय गं! सोडा! सोडा की!"

रांग जागीच थांबली.

"माताजी बोलीं!" गुजराती गृहस्थाचे डोळे भरून आले. "क्या कहा?"

हेडमास्तरांनी जन्मभर मुलांना शब्दार्थ शिकवले होते. त्यांनी गंभीरपणे सांगितलं, "कहा, छोड़ दो."

"क्या छोड़ दें?"

मास्तरांनी डोंगरांवरून हात फिरवला. "सब."

"वाह! एका शब्दात सारं आलं," कुणीतरी म्हणालं. गुजराती गृहस्थाच्या बायकोनं ताबडतोब नवऱ्याच्या खिशातली तंबाखूची पुडी काढली आणि पिशवीत टाकली. मल्लेश्वरींनी तिथंच दुपारची झोप सोडली.

अमृतप्पांच्या खांद्याचा आधार घेत शिवगंगाबाई होड्यांपाशी आल्या. "आवो, पायाला मुंग्या आल्त्या हो मला," त्या मास्तरांना सांगायला लागल्या, पण मास्तर हात जोडून मागे सरकले. मातुश्रींच्या होडीत दुसऱ्या कुणी बसायचं नाही, असं त्यांनी सगळ्यांना सांगून ठेवलं होतं. लोक दाटीवाटीनं बाकीच्या होड्यांत बसून पुढे गेले आणि एका शिकाऱ्यात, लाल गाद्यांवर, हे दोघंच उरले.

होडी निघाली. वल्हं पाण्यात जात होतं आणि बाहेर येत होतं. ना भेंड्या, ना शिट्टी, ना पित्ताशय. शिवगंगाबाई गादीला टेकून बसल्या. हेच तर पाहिजे होतं. पण थोड्या वेळानं त्यांच्या लक्षात आलं, नवराही बोलत नाही. पाण्याकडे बघत बसला आहे.

"उतरल्या मुंग्या?" त्यानं विचारलं.

"उतरल्या."

तो पुन्हा पाण्याकडे बघायला लागला. कमळांची पानं मागे गेली. बाईंना चैन पडेना.

"अवो, कामून गप बसलाव?"

"तुला नगं वाटतंय न्हवं माझं बोलनं."

"आसं मी कवा मनले?"

"न्हाई मनलीस. तेच तर." अमृतप्पांनी बायकोकडे बघितलं. "तू काय मनलीसच न्हाई कवा. मास्तर इचारायले आन मी सांगायलो, तवा मला कळायलं. तू बोल की."

"मी?"

"व्हय."

"काय बोलू?"

"काय बी."

शिवगंगाबाई हसल्या. मग त्यांनी पाण्यात बोटं बुडवली. कुठून सुरू करावं तेच कळत नव्हतं. शेवटी म्हणाल्या, "पुरनपोळी मला आवडत न्हाई."

अमृतप्पा गादीवर सरळ बसले. "काय मनतीस! आगं दर सणाला करतीस की!"

"तुमाला आवडती मनून."

"आजवर कवाच आवडली न्हाई?"

"कवाच न्हाई. गोड मला चालतच न्हाई. आन ती काळी इरकल, माझ्या मायनं दिलेली. येकदा नेसले नुस्ती. गिरनीचं पीठ उडतंय घरभर, सांजच्यापारी पांढरी झाली. पुन्ना पेटीतनं काढली न्हाई."

"सांगायचं की मला."

"इचारलाव कुटं?" बाईंचा आवाज थोडा चढला. "मंग तुमच्या बहिनीनं नेली ती. नेसून देते मनली, आजून द्यायली. आन तुमी भरल्या पंगतीत मनलाव, तिलाच शोभती. आन मला शिलाई मशीन शिकायची व्हती. शेजारच्या शिवकन्येच्या दारात मशीन आली तवा मी किती दिवस तिच्या दारातनं जायले, नुस्ती बघत. आन मिरची दळायचा दिस आला की माझा सैपाक कसा व्हतो, तुमी कवा चुलीपशी येऊन बघितलाव? शिंकून शिंकून जीव जातोय माझा!"

अमृतप्पा ऐकत होते. मध्ये एकदा त्यांनी तोंड उघडलं आणि परत मिटलं. बाई आता त्यांच्याकडे वळून, हातवारे करत, एकामागून एक काढत होत्या. किरणच्या बारशाला कुणी काय म्हटलं होतं, सासूबाईंनी दुधावरची साय कुठं लपवली होती, गुडघा कधीपासून दुखतो आणि कुठल्या पायरीवर जास्त दुखतो. बोलता बोलता त्या रडल्या, आणि पुढच्याच वाक्याला हसल्या.

घाट जवळ आला. वल्हेवाल्यानं होडी वळवायला घेतली. "साहब, उतरने का..."

अमृतप्पांनी ओठांवर बोट ठेवलं आणि त्याच्याकडे सरकून कुजबुजले, "बोलने दो भाई. और एक चक्कर मारो."

होडीचं तोंड पुन्हा डोंगरांकडे फिरलं.

घाटावर सगळे ओळीनं उभे होते. बाग बंद व्हायची वेळ होत आली होती, बसवाला हॉर्न वाजवत होता, आणि स्नेहा घड्याळाकडे बघून घायकुतीला आली होती. "अहो, आता परत कुठं चाललेत ते? मी हाक मारते."

"नगं, नगं!" मल्लेश्वरींनी तिचा हात धरला. लांब पाण्यावर होडीत शिवगंगाबाई ताठ बसलेल्या दिसत होत्या, ओठ सारखे हलत होते आणि अमृतप्पा समोर मान खाली घालून ऐकत होते. "बघायली न्हाईस का पोरी? मौन सुटलंय. आता जप चालू झालाय."